अस्वलांच्या फिल्म्सबद्दल, फोनवर राहून गेलेलं

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर 'ग्रिझली मॅन' या माहितीपटावरचं आपलं बोलणं अर्धवट राहिलं. बाबांचं ठाम मत, अस्वलांमध्ये राहून अस्वलाकडूनच मारला गेलेला तो टिमोथी ट्रेडवेल ठार वेडा होता. आई म्हणत होती, वेडा तर वेडा, पण त्याला आवरणारं कुणीच नव्हतं का? मग तुमचं दोघांचंच जुंपलं आणि मी नुसती श्रोता. म्हणून लिहायला घेतलं. पत्रात मला मध्येच कुणी तोडू शकत नाही.

'ग्रिझली मॅन' बघा असं मीच सांगितलं होतं, तेव्हा खुलासाही मीच करायला हवा. बाबा, टिमोथी ट्रेडवेलला वेडा म्हणायला माझी काही हरकत नाही. अलास्कातल्या कॅटमाई नॅशनल पार्कमध्ये तेरा उन्हाळे तो तपकिरी अस्वलांच्या शेजारी तंबू ठोकून राहिला. जवळ बंदूक नाही, पुढे पुढे तर अस्वलांवर मारायचा मिरचीचा स्प्रेसुद्धा नाही. हिवाळ्याच्या तोंडावर यातला पूर्ण वाढलेला नर साडेचारशे किलोंच्याही वर जातो, आणि हा त्यांना 'मिस्टर चॉकलेट' वगैरे नावांनी हाका मारत होता. वेडेपणाला आणखी काय पुरावा हवा?

पण मला खटकतं ते दुसरंच. शेवटच्या पाच उन्हाळ्यांत त्याने शंभर तासांहून जास्त फुटेज जमवलं, आणि त्यातल्या कितीतरी भागात अस्वलांपेक्षा तोच जास्त आहे. झुडपातून धावत येऊन कॅमेऱ्यासमोर बोलतो, पसंत पडलं नाही की मागे जाऊन तोच प्रवेश पुन्हा करतो. टेक एक, टेक दोन, टेक तीन. मी इथे एकटा आहे, असं तो सांगत राहतो. आई, तू विचारलंस ना, 'ती पोरगी कुठे गेली?' शेवटी त्याच्याबरोबर मेली ती त्याची मैत्रीण एवढ्या सगळ्या फुटेजमध्ये जेमतेम एक-दोनदा दिसते, आणि तेही चेहरा धड दिसत नाही. तू जे एका बैठकीत हेरलंस त्यावर दिग्दर्शक वेर्नर हर्झोगनेही फिल्ममध्ये बोट ठेवलंय. 2005 साली त्या फुटेजमधून ही फिल्म उभी केली ती त्याने. ट्रेडवेल फ्रेममधून बाहेर गेल्यावर कॅमेरा तसाच चालू राहतो आणि मागचं रान नुसतं वाऱ्यावर हलत असतं, ते तुकडे त्याने मुद्दाम ठेवलेत. कुणी नट नाही, कुणी बोलत नाही. माझ्या मते ट्रेडवेलने केलेलं सगळ्यात चांगलं शूटिंग ते आहे आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

आता त्या टेपबद्दल. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये अस्वलाने हल्ला केला तेव्हा कॅमेरा चालू होता, पण लेन्सवर झाकण होतं. त्यामुळे चित्र नाही, फक्त सहा मिनिटांचा आवाज. हर्झोग हेडफोन लावून तो ऐकतो, आपल्याकडे पाठ करून. समोर ट्रेडवेलची जुनी मैत्रीण बसलेली, टेप तिच्याच ताब्यातली, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघतेय. थोड्या वेळाने तो टेप बंद करायला सांगतो आणि तिला म्हणतो, तू हे कधीही ऐकू नकोस. बाबा, तुमचा सवाल होता, 'ऐकवायचं नव्हतं तर दाखवलं कशाला?' सवाल बिनतोड आहे. टेपचं नावही न काढता त्याला फिल्म करता आली असती. स्वतः ऐकतोय हे दाखवून त्याने नाट्य साधलंच. तरीपण मी आवाजाचं काम करते, माझ्यापुढे अशी फीत आली असती तर? निर्माता म्हणाला असता, पाच सेकंद तरी घे, ट्रेलरला उपयोगी पडतील. हे हमखास झालं असतं. हातात असलेला आवाज न वापरणं किती कठीण असतं ते मिक्सिंगला बसणाऱ्याला विचारा. म्हणून त्या एका प्रसंगासाठी मी हर्झोगचे बाकीचे गुन्हे माफ करते. शवविच्छेदन करणारा डॉक्टर रंगवून रंगवून बोलतो तो भाग मात्र मी असते तर कापला असता.

आणि ट्रेडवेलचे आई-वडील. बाबा म्हणाले, आईने तिथे पॉज केलं आणि बराच वेळ पुढे जाऊ दिलं नाही. सोफ्यावर बसलेली आई आणि तिच्या मांडीवर मुलाचं लहानपणीचं टेडी बेअर. वडील सांगतात, टीव्हीवरच्या 'चिअर्स' मालिकेतली भूमिका हातची गेली आणि तिथून पोरगा घसरत गेला. त्यांनी त्याला अडवलं का नाही, हे फिल्म सांगत नाही. अडवलं असतं तरी काय, शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला? तुम्ही मला किती वेळा अडवलंत आणि मी किती वेळा ऐकलं, याचा हिशोब आता कृपा करून काढू नका.

त्याच फिल्ममधला एक माणूस तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटला असं वाटतं. स्वेन हॉकन्सन, कोडियाक बेटावरच्या अल्युटिक म्युझियमचे तेव्हाचे संचालक, स्वतः त्याच मूळनिवासी समाजातले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आमची माणसं हजारो वर्षं या अस्वलांच्या शेजारी राहिली, मध्ये एक रेषा होती, ती याने ओलांडली. आणि अस्वलांना माणसाची सवय लावली की नुकसान अस्वलांचंच होतं. झालंही तसंच. मृतदेह आणायला गेलेल्या लोकांनी दोन अस्वलांना गोळ्या घातल्या. ज्यांना वाचवायला म्हणून तो तिथे राहत होता, त्यांनाच. कॅटमाईत अस्वलाने माणूस मारल्याची त्याआधी एकही नोंद नव्हती.

म्हणजे अस्वलांच्या जवळ जायचंच नाही का? तसंही नाही. कॅटमाईला लागूनच मॅकनील नदीचं अभयारण्य आहे. सॅमन मासे धबधब्यावर उड्या मारतात तेव्हा तिथे एका वेळी सत्तरच्या वर अस्वलं जमलेली मोजली गेली आहेत. माणसं किती? दिवसाला दहा. तीही सोडत काढून, 1973 पासून. बरोबर कर्मचारी असतात, चालायची वाट ठरलेली, बसायची जागा म्हणजे खडी टाकलेला छोटासा चौथरा. माणूस रोज तिथेच बसतो, तसाच वागतो, खाण्याच्या वस्तू अस्वलाच्या हाती लागू देत नाही. त्यामुळे अस्वलांच्या लेखी तो एखाद्या दगडासारखा होऊन जातो. माद्या पिल्लांना पाजायला त्या चौथऱ्याच्या शेजारी येऊन बसतात, कारण दांडगे नर माणसांच्या फार जवळ येत नाहीत. लॅरी ऑमिलर नावाच्या माणसाने तीसेक वर्षं ही जागा सांभाळली. इतक्या वर्षांत अस्वलाने तिथे एकाही पाहुण्याला जखमी केलेलं नाही. ट्रेडवेलला हवी होती तेवढी जवळीक त्या दहा माणसांना रोज मिळते, पण अस्वलाशी बोलायचं नाही, त्याचा मित्र व्हायचं नाही, या अटीवर. त्याला ती अट झेपली नसती. फिल्मवाल्यांपैकी बऱ्याच जणांना झेपत नाही.

ज्यांना झेपली त्यांची एक फिल्म पाठवते. 'न्यूसन्स बेअर', म्हणजे उपद्रवी अस्वल, 2021 ची, अवघी चौदा मिनिटांची. कॅनडातलं चर्चिल गाव, हडसन उपसागराच्या काठावर, वस्ती नऊशेच्या आतबाहेर. उन्हाळ्यात उपसागरातलं बर्फ वितळलं की ध्रुवीय अस्वलं किनाऱ्यावर अडकतात. त्यांची सीलची शिकार बर्फावरूनच होते, त्यामुळे नोव्हेंबरात पाणी गोठेपर्यंत अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे. त्या वाट बघण्याच्या काळात ती गावातून ये-जा करतात. गावकरी मोटारींची दारं कुलूप न लावता ठेवतात, कुणावर पळायची वेळ आली तर शिरता यावं म्हणून. फटाके फोडून अस्वलांना हाकलतात. एखादं ऐकेचना तर पिंजरा लावून पकडतात आणि अस्वलांसाठीच बांधलेल्या अठ्ठावीस कोठड्यांच्या इमारतीत ठेवतात. तिथे पाणी मिळतं, खायला नाही, म्हणजे परत यायचा मोह नको. मग बेशुद्ध करून जाळ्यात घालून हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडतात.

बाबा, फिल्ममध्ये हे सगळं आहे आणि निवेदन एका शब्दाचंही नाही. अस्वल झाडोऱ्यातून येतं, कॅमेरा त्याच्याबरोबर सावकाश सरकतो आणि पलीकडे पर्यटकांच्या गाड्या, खिडक्यांतून बाहेर आलेल्या हातभर लांबीच्या लेन्सेस. आता नक्की कोण कुणाला छळतंय? हवामानबदलावर भाषण नाही, तरी सगळं कळतं. आकडे हवेच असतील तर हडसनच्या पश्चिमेच्या त्या अस्वलांची संख्या 2016 मध्ये 842 च्या आसपास होती, 2021 च्या पाहणीत 618.

आई, तू विचारलं होतंस की बर्फात चालणाऱ्या अस्वलाच्या पावलांचा आवाज इतका जवळून कसा मिळतो. नाहीच मिळत. शूटिंग अर्ध्या किलोमीटरवरून होतं, तिथून ऐकू येतो तो वारा आणि कॅमेरामनचं नाक ओढणं. पावलं नंतर स्टुडिओत करतात. कॉर्नफ्लोअर कापडी पिशवीत घट्ट भरायचं आणि मुठीने दाबायचं. करकर असा कोरड्या बर्फाचा अगदी खरा आवाज येतो. अस्वलाच्या वजनासाठी दाब जरा सावकाश सोडायचा, नाहीतर ससा वाटतो. ही फसवणूक म्हणशील तर आहे, पण मला ती चालते. मला चालत नाही ती दुसरी. 2011 मध्ये बीबीसीच्या एका गाजलेल्या मालिकेत ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्लं बर्फाखालच्या गुहेत दाखवली होती, ती प्रत्यक्षात युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयात चित्रित केलेली निघाली. त्यांची बाजूही खरी आहे, रानातल्या गुहेत कॅमेरा घातला असता तर पिल्लांच्या जिवावर बेतलं असतं. मग निवेदनातच तसं सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

आणखी दोन नावं लिहून ठेवा. 'हॅपी पीपल', 2010 ची, सैबेरियात येनिसेई नदीकाठच्या बाख्ता गावातली. हर्झोग तिथे गेलाही नाही. दिमित्री वास्युकोवने वर्षभर राहून केलेलं काम त्याने नव्याने कापून दीड तासात बसवलं. अस्वल त्यात आहे ते मुख्यतः बोलण्यातून आणि उंच खांबांवर बांधलेल्या कोठारांतून, कारण खाली ठेवलेलं धान्य ते शिल्लक ठेवत नाही. बाबा, तुम्हाला हत्यारं आवडतात. नुसती कुऱ्हाड आणि पाचरी वापरून झाडातून स्की काढताना बघा. शिकारी नव्या वर्षासाठी घरी निघतो तेव्हा त्याचा कुत्रा स्नोमोबाईलच्या बाजूने दीडशे किलोमीटर पळत येतो, ते आईने बघावं.

दुसरी 'हनीलँड', 2019 ची, उत्तर मॅसिडोनियातल्या ओसाड पडलेल्या गावातली. अस्वल नाही, मधमाश्या आहेत. हातिजे नावाची बाई पोळ्यातला अर्धा मध घेते आणि अर्धा माश्यांना ठेवते. वीज नसलेल्या घरात म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळते. मायलेकी तुर्की बोलतात आणि दिग्दर्शकांना ती भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी संकलन सुरुवातीला आवाज बंद करून केलं. माझ्या पोटावर पाय आणणारी युक्ती आहे, पण त्यामुळे प्रत्येक प्रसंग नुसत्या बघण्यातून उभा राहिलाय. आई, त्यातली म्हातारी शेवटी जाते. आधीच सांगून ठेवते, नंतर मला बोल लावू नकोस. दोघी एकमेकींवर खेकसतात तेही बघ. त्यांच्यात आपल्यापेक्षा जास्त भांडणं होत नाहीत.

फिल्म्सचा कंटाळा आला तर कॅटमाईतल्याच ब्रूक्स धबधब्यावर इंटरनेटवरून थेट दिसणारे कॅमेरे आहेत. संकलन नाही, संगीत नाही, कितीतरी वेळ काहीच घडत नाही. बाबांना तिथला 480 नंबरचा ओटिस आवडला असता. दात झिजलेला म्हातारा नर, धावपळ न करता आपल्या ठरलेल्या जागी बसून मासा तोंडाशी यायची वाट बघायचा, आणि सगळ्यात लठ्ठ अस्वलाची जी गमतीची निवडणूक होते ती चारदा जिंकला. 2024 च्या हंगामात तो आला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर एका अस्वलाने दुसऱ्याला नदीत मारलं, तेही लोकांनी थेट पाहिलं, त्यामुळे त्या वेळी निवडणुकीची यादी जाहीर करणं पुढे ढकलावं लागलं. तेव्हा आई, एकटी बघत बसू नकोस.

कॅमेरे जूनअखेर सुरू होतात, लिंक मी पाठवेन. सबटायटल्सची अक्षरं मोठी कशी करायची ते बाबांना रविवारी फोनवर सांगते. त्यांनी त्या वेळी रिमोट आईकडे द्यावा, म्हणजे काम लवकर होईल. आणि 'न्यूसन्स बेअर' बघून झाल्यावर आधी दोघांनी वेगवेगळं मला सांगा, एकमेकांशी नंतर भांडा.

तुमची,
धाकटी