शांतिसेनेची वाहने: खरेदीइतकीच चर्चा निगराणीचीही व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात तयार होणाऱ्या चिलखती वाहनांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी ठळकपणे येतात आणि पुणेकर म्हणून त्या वाचताना अभिमान वाटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत फोर्जला 'कल्याणी एम-४' या वाहनांसाठी संरक्षण मंत्रालयाकडून सुमारे १७८ कोटी रुपयांची मागणी मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात अशी अनेक स्वदेशी वाहने लष्करप्रमुखांच्या हस्ते सैन्यात दाखल झाली. मात्र वाहन दाखल झाल्यानंतर त्याचे काय होते, विशेषतः ते पांढरा रंग लावून संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिमोहिमेवर गेल्यानंतर ते कोण सांभाळते, त्याची नोंद कशी राहते आणि ते बंद पडले तर काय घडते, याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. मी लष्कराच्या ईएमई, म्हणजे वाहने व यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या शाखेत नोकरी केली असून त्यातील काही काळ आफ्रिकेतील एका मोहिमेत भारतीय तुकडीच्या वाहनांची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शांतिमोहिमेत वाहने दोन प्रकारची असतात. काही संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वतःच्या मालकीची असतात, तर उरलेली सैन्य पाठवणाऱ्या देशांनी आपल्याबरोबर आणलेली असतात. दुसऱ्या प्रकारच्या वाहनांसाठी १९९६ पासून भाड्याची पद्धत लागू आहे. देशाने वाहन आणि त्याची देखभाल दोन्ही पुरवली तर त्याला 'वेट लीज' म्हणतात, आणि देखभाल संघाने करायची असेल तर 'ड्राय लीज'. भाड्याचे दर दर तीन वर्षांनी तपासले जातात. संघाचे निरीक्षक तुकडी येते तेव्हा, त्यानंतर ठरावीक काळाने आणि परत जाताना प्रत्यक्ष वाहनापाशी उभे राहून तपासणी करतात. गाडी सुरू होते का एवढ्यावर ही तपासणी भागत नाही. जॅक, जादा चाक, हत्यारांची पेटी आणि रेडिओ जागेवर आहे का, हेही पाहिले जाते. एखाद्या गटातील मंजूर वाहनांपैकी ९० टक्के वाहने चालू स्थितीत असावी लागतात. संख्या त्याखाली गेली की देशाला मिळणारी परतफेड कमी होते, आणि प्रत्यक्षात गस्त रद्द होते ती वेगळीच.

नव्वद टक्के हा आकडा पुण्यात बसून सोपा वाटतो. दक्षिण सुदानमधील मलाकल येथे भारतीय तुकडी अनेक वर्षे तैनात आहे. त्या भागातील जमीन आपल्या मराठवाड्यातील काळ्या मातीसारखी आहे. पावसाळ्यात तिचा चिखल होऊन रस्ते महिनोन्महिने बंद असतात आणि जड सामान नाईल नदीतून बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने, न्यावे लागते. काँगोतील गोमा शहराच्या आसपास न्यीरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा धारदार दगड रस्त्यात पसरलेला आहे, तो टायर अक्षरशः सोलून काढतो. वेट लीजवर असलेल्या भारतीय वाहनाचा सुटा भाग भारतातूनच जायचा असतो. तो जहाजाने मोंबासाला उतरतो आणि तेथून ट्रकने युगांडामार्गे गोम्याला पोहोचतो. कागदपत्रांचा एखादा घोळ झाला तर एका साध्या ऑइल सीलसाठी आठ चाकांची गाडी दोन-दोन महिने 'व्हीओआर', म्हणजे ऑफ रोड, उभी राहते. त्यामुळे कोणता भाग किती किलोमीटरनंतर जातो, याची नोंद ठेवून तो आधीच मागवणे हे वाहन सांभाळणाऱ्याचे सर्वांत मोठे काम असते. ही नोंदवही नीट नसेल, तर हे काम कितीही हुशार मेकॅनिक असला तरी त्याला जमत नाही.

वाहनांचा माग ठेवणे म्हटले की आज सर्वांच्या डोळ्यांसमोर नकाशावर सरकणारा ठिपका येतो. तो ठिपका आवश्यक आहे, पण त्याने फक्त गाडी या क्षणी कुठे आहे एवढेच कळते. संघाच्या मोहिमांमध्ये अनेक वर्षे 'कारलॉग' नावाचे यंत्र वापरले गेले. चालकाने गाडी सुरू करताना आपले परवान्याचे कार्ड त्या यंत्रावरून फिरवायचे, म्हणजे ती फेरी त्याच्या नावावर लागते. वेग, अंतर आणि वेळ नोंदली जाते आणि गाडी तळावर परतल्यावर ती माहिती कार्यालयात उतरते. वेगमर्यादा कोणी ओलांडली, खासगी कामासाठी गाडी कोणी नेली, हे यातून कळते, पण गाडी रस्त्यात अडकली असताना मात्र नाही. त्यासाठी रेडिओवर ठरावीक वेळाने दिलेली हाक आणि उपग्रहाद्वारे येणारी स्थिती यांचा आधार घ्यावा लागतो. मोबाइलच्या सिमवर चालणारी यंत्रे स्वस्त असतात, परंतु संघर्षाच्या काळात सर्वांत आधी मोबाइलची सेवाच बंद होते. म्हणून मोबाइल आणि उपग्रह या दोन्ही पद्धती एकमेकींच्या जोडीने चालवाव्या लागतात.

येथे एक तांत्रिक मुद्दा मला थोडा सविस्तर मांडावासा वाटतो, कारण तो खरेदीच्या वेळी नेहमी सुटतो. चिलखती वाहन गस्तीवर जाते तेव्हा ते बराच काळ संथ चालते किंवा एखाद्या चौकीवर इंजिन सुरू ठेवून तासन्तास उभे असते, कारण आतील रेडिओ आणि वातानुकूलन चालू राहावे लागते. मीटरवर किलोमीटर अगदी थोडे दिसतात आणि इंजिन मात्र दिवसभर झिजते. देखभालीचे वेळापत्रक केवळ किलोमीटरवर बांधले, तर ऑइल बदलण्याची वेळ येण्याआधीच इंजिन खराब होते. म्हणून इंजिनचे तास मोजणारी नोंद अशा वाहनांत पहिल्या दिवसापासून असायला हवी आणि देखभालीचे वेळापत्रक त्या नोंदीवर ठरायला हवे. इंधनाचेही तसेच. एका लिटरमागे गाडी किती चालते हा आकडा दर आठवड्याला पाहिला, तर तो अचानक घसरल्यावर, आणि गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्याने चालली नसेल, तर दोनच शक्यता उरतात: इंजिनात दोष आहे किंवा डिझेल कुठेतरी जात आहे. दोन्ही गोष्टी वेळीच कळणे गरजेचे आहे, कारण मोहिमेतील डिझेल शेकडो किलोमीटर धोक्याच्या रस्त्याने आणलेले असते.

वाहन चालवणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. १९४८ पासून ४,००० हून अधिक शांतिसैनिकांनी प्राण गमावले असून, त्यांत अपघातांत मरण पावलेल्यांची संख्या हल्ल्यांत मारल्या गेलेल्यांपेक्षा जास्त आहे. भारतानेही आपले दीडशेहून अधिक जवान शांतिमोहिमांत गमावले आहेत. एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण सुदानच्या जोंगलेई प्रांतात वाहनांच्या ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात आपले पाच सैनिक मारले गेले, ही घटना आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. ताफा कोणत्या मार्गाने आणि किती अंतर ठेवून जातो, मागे पडलेली गाडी किती वेळात लक्षात येते, हे सगळे वाहनांच्या व्यवस्थापनातच मोडते. गावातून भरधाव गेलेली पांढरी गाडी तेथील लोकांच्या मनात काय ठसा उमटवते, हेही मी पाहिले आहे. चालकाच्या वेगाची नोंद ठेवली जाते ती त्याच्यावर अविश्वास म्हणून, असे काही तरुण जवानांना वाटते. त्यांना हे समजावून सांगावे लागते की रस्त्याच्या कडेने पाण्याचा डबा घेऊन चाललेल्या मुलासाठी ही नोंद आहे.

यासोबत सावधगिरीचाही एक मुद्दा आहे. गस्तीची गाडी रोज किती वाजता कोठून जाते ही माहिती चुकीच्या हाती पडली, तर सापळा लावणाऱ्याला दुसरे काही शोधावे लागत नाही. म्हणून ही माहिती कोणत्या संगणकावर राहते, कंत्राटदाराला त्यातील किती दिसते आणि जुनी माहिती केव्हा पुसली जाते, याचे नियम यंत्र बसवण्यापूर्वी लिहून घ्यायला हवेत. आपल्याकडील ज्या कंपन्या परदेशी मोहिमांसाठी अशी यंत्रणा देऊ इच्छितात त्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी तयार ठेवावे.

मोहीम संपते तेव्हाही वाहनांचा हिशेब संपत नाही. मालीमधील मोहीम डिसेंबर २०२३ अखेर बंद झाली. त्यापूर्वी ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडील तळ घाईने सोडताना, परत नेता येत नसलेली वाहने, दारूगोळा आणि जनित्रे संघाला स्वतःच नष्ट करावी लागली. कोणते वाहन कोणत्या स्थितीत आहे, कोणते शेकडो किलोमीटर वाळवंट पार करू शकेल आणि कोणते जागेवरच निकामी करायचे, हा निर्णय अशा वेळी थोड्या अवधीत घ्यावा लागतो आणि तो ताज्या नोंदीशिवाय घेता येत नाही. आज अनेक मोहिमा आटोपत्या घेतल्या जात असताना हा अनुभव आपल्या तुकड्यांनाही उपयोगी पडणार आहे.

आता पुण्याविषयी. औंधच्या लष्करी तळावर मार्च २०१६ मध्ये १८ देशांचा 'फोर्स-१८' हा सराव झाला आणि २०१९ व २०२३ मध्ये आफ्रिकी देशांबरोबरचे सराव झाले. या सर्वांचा विषय शांतिमोहिमा आणि भूसुरुंग हटवणे हाच होता. ज्या देशांचे सैनिक औंधला येतात, त्यांच्याच गाड्या पुढे आपल्या गाड्यांशेजारी मोहिमेत उभ्या राहतात. त्यामुळे गस्त, नाकाबंदी आणि सुरुंग यांच्या जोडीने वाहनांची तपासणी, सुट्या भागांचे नियोजन आणि ताफ्याचा माग ठेवणे यांसाठी त्या सरावात स्वतंत्र दिवस ठेवावेत, अशी माझी लष्करी अधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान याच शहरात आहे. भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून राज्य परिवहन मंडळांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देत आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) वाहनांच्या चाचण्या घेते आणि दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली आणि त्याच्या तीनच दिवस आधी संघाची पहिली शांतिमोहीम सुरू झाली, हा योगायोग मला नेहमी आठवतो. आगारातील यांत्रिकी पर्यवेक्षक चालकागणिक 'केएमपीएल', म्हणजे लिटरमागे किलोमीटर, लिहून ठेवतो आणि आमचा एमटी (मोटर ट्रान्सपोर्ट) हवालदार रोज सकाळी 'फर्स्ट परेड'ला तेल, पाणी, हवा तपासून कार डायरीत सही घेतो. या दोघांना एका वर्गात बसवले, तर दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वाहन बनवणाऱ्या पुण्यातील उद्योगांनाही एक विनंती आहे. मोहिमेवर जाणाऱ्या प्रत्येक वाहनासोबत पहिल्या दोन वर्षांत लागतील अशा सुट्या भागांचा संच द्यावा. इंजिनाच्या तासांची नोंद वाहनातच व्हावी. देखभालीची पुस्तिका हिंदीतही असावी, कारण रात्री टॉर्चच्या उजेडात ती वाचणारा जवान बहुधा इंग्रजी माध्यमातून शिकलेला नसतो. आपल्या वार्ताहरांनी औंधच्या पुढच्या सरावाचे वृत्त देताना वाहनांच्या छायाचित्रांबरोबर तेथील एमटी पार्कमध्येही एक फेरी मारावी आणि किती वाहने त्या दिवशी चालू स्थितीत होती, हा आकडा मागून तो बातमीत छापावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ईएमई अधिकारी,
वानवडी, पुणे