लॉगशीट सोबत जोडली आहे

बोटीवरून, हवाईतल्या काउआई बेटाच्या उत्तर किनाऱ्यासमोर
शुक्रवार, संध्याकाळ

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

डेकवर बसून लिहितेय. बोट थोडी हलतेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. समोर नापालीचे कडे आहेत. नापाली म्हणजे इथल्या भाषेत 'कडे'च. समुद्रातून सरळ वर उठलेले, काही ठिकाणी हजार-बाराशे मीटर, हिरवे, उभ्या घड्या पडलेले. पावसाळ्यात पोफळीहून घाटाकडे बघितलं की जसं दिसतं तसंच, फक्त पायथ्याशी समुद्र. या भागात रस्ता नाही, तो करणं जमलंच नाही कुणाला. त्यामुळे आमचं गाडी चालवणं आज दुपारी संपलं आणि आता निवांत लिहायला बसले.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बोटीने गेलात ना, मग गाडी कुणाची चालवतेस?" आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून नीट सांगते.

ही बोट शनिवारी होनोलुलूहून निघते. बहुतेक रात्री समुद्रात आणि दिवसा बंदरात, असं करत माउई, मग मोठ्या बेटावर हिलो आणि कोना, शेवटी काउआई, आणि पुन्हा शनिवारी होनोलुलू. प्रत्येक बंदरात बोटवाल्यांच्या बसच्या सहली असतात, माणशी पैसे घेऊन. आम्ही तिघं, मी, अभिजित आणि ईशा. हिशेब केला तर तीन तिकिटांच्या पैशात दिवसभराची गाडी आणि पेट्रोल भागून वर उरत होतं. पण खरं कारण पैसे नव्हतं. बस ज्या वळणावर थांबेल तेवढंच बघायचं, हे मला नको होतं.

गाडी मी चार महिने आधी ठरवून ठेवली होती. बेटावर गाड्या मोजक्या असतात, आणि बोट लागली की हजार-दोन हजार माणसं एकदम उतरतात. 2021 साली तर इथे भाड्याच्या गाड्यांचा असा दुष्काळ पडला होता की प्रवाशांनी सामान वाहायचे ट्रक भाड्याने घेऊन बेटं बघितली. माउईला धक्क्यापासून गाडीचं ऑफिस एअरपोर्टवर, जवळच. तिथे तासभर रांग. काउंटरवरच्या मुलाने दोनदा जास्तीचा विमा घ्यायला सांगितलं. अभिजितने घरच्या गाडीच्या विमा कंपनीला आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं की भाड्याच्या गाडीला तो चालतो का. चालत होता, म्हणून नको म्हटलं. हे घरून निघायच्या आधीच विचारून ठेवायचं, रांगेत उभं राहून सुचत नाही.

चावी मिळाल्यावर मी गाडीभोवती फिरले. चारही टायर, काच, बंपर, आणि आत बसून पेट्रोलचा काटा. सगळ्याचे फोटो काढले, म्हणजे परत देताना आधीचा ओरखडा आपल्या नावावर नको. ईशा म्हणाली, "आई, काय करतेस?" मी म्हटलं, आजोबा पंचवीस वर्षं एसटीच्या डेपोतून गाडी बाहेर काढायच्या आधी हेच करायचे. तेल, पाणी, हवा. तुम्ही टायरवर मारायचात तशी मीही मारली एक लाथ.

मग हालेआकाला, माउईवरचा मोठा डोंगर. बाबा, हा घाट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. समुद्रकाठच्या काहुलुईहून निघायचं आणि साठ-एकसष्ट किलोमीटरमध्ये थेट 3,055 मीटरवर. कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि माथ्यापर्यंत डांबरी रस्ता. आधी उसाची जुनी शेतं, मग निलगिरीची झाडं, मग गुरांची कुरणं, मग ढग. ढगात शिरल्यावर पुढचं वळण दिसेना तेव्हा मी दिवे लावून वीसच्या वेगाने गेले. ढगाच्या वर आलो तर लख्ख ऊन, आणि खाली पांढरा समुद्र. वर पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे पुकालानी गावात टाकी भरून घेतली होती.

सूर्योदय बघायला लोक जास्त जातात. पण पहाटे तीन ते सात गाडी वर न्यायला आधी बुकिंग लागतं. आम्ही संध्याकाळी गेलो, तेव्हा फक्त पार्कचे गाडीमागे तीस डॉलर. शिवाय त्या रात्री बोट माउईलाच थांबणार होती, तेव्हा परतायची घाई नव्हती. लांबचं ठिकाण अशाच दिवशी ठेवायचं, हे मला नकाशा बघताना कळलं. माथ्यावर इतकी थंडी की आईने विणलेला निळा स्वेटर मी इथे वापरला! दोन तासांत एवढं वर गेल्यामुळे अभिजितचं डोकं जड झालं होतं. तुमचं ब्लडप्रेशर बघता तुम्हाला नेलं तर मध्ये तासभर थांबत न्यावं लागेल.

हालेआकाला म्हणजे सूर्याचं घर. इथली गोष्ट अशी की दिवस फार लहान असायचा, सूर्य धावत निघून जायचा आणि हिना नावाच्या आईची कापडं वाळायचीच नाहीत. मग तिच्या मुलाने, माउईने, या डोंगरावर बसून सूर्याला फासात पकडलं आणि हळू चालायचं वचन घेतलं. आई, श्रावणात तू घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचीस, ते आठवलं.

उतरताना अंधार पडला होता. रस्त्यावर पाटी होती, कमी गिअरमध्ये उतरा. पाटी नसती तरी मी तेच केलं असतं. "ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर," हे तुम्ही मला स्कूटर शिकवतानासुद्धा सांगितलं होतंत. इथली गाडी ऑटोमॅटिक, पण त्यातही कमी गिअर धरून ठेवता येतो. माझ्यापुढे एक गाडी होती, तिचे मागचे लाल दिवे सतत पेटलेले. चार-पाच वळणांनंतर खिडकीतून ब्रेक तापल्याचा वास आला. तो वास मला ओळखता आला, बाबा. मी अंतर वाढवलं. पुढे तो माणूस कडेला थांबला तेव्हा अभिजितने उतरून त्याला समजावलं, ब्रेक गार होऊ दे, मग कमी गिअर टाक. मैदानी मुलखातून आलेला होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हिलोला मात्र पाऊस. हिलो म्हणजे चिपळूणच म्हणा. छत्री, शेवाळलेल्या भिंती, फणसाची झाडं, केळी. तिथून किलाउएया ज्वालामुखी पंचेचाळीस मिनिटांवर. आम्ही गेलो तेव्हा लाल लाव्हा नव्हता, पण जमिनीच्या भेगांतून वाफ येत होती. ईशाने हात धरला तर गरम लागला. थिजलेला लाव्हा दोन तऱ्हेचा दिसतो. गुळगुळीत, दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा, तो पाहोएहोए. आणि पाय ठेवला तर चप्पल फाडेल असा खडबडीत, तो आआ. हे हवाईचेच शब्द आता जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ वापरतात. काळा दगड हातात घेतला आणि ईशाला सांगितलं, कुंभार्ली घाट ज्याचा झालाय तोच हा, बेसाल्ट. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच वाहत आला होता, हा काही तर माझ्याहूनही लहान आहे. दगड तिथेच ठेवला. पेले ही इथली ज्वालामुखीची देवी, तिचा दगड घरी नेऊ नये असं मानतात. नेलेले दगड लोक नंतर टपालाने परत पाठवतात.

आणि इथे आता वेळेचं सांगते. बोट सहाला सुटणार असली तर चढायची शेवटची वेळ त्याच्या आधीची असते. बोटीच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते. आपल्या गाडीने फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. मग विमानाने पुढच्या बेटावर स्वखर्चाने गाठायचं. म्हणून मी ठरवलं होतं, शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी धक्का. अभिजितला ते जास्त वाटत होतं, ज्वालामुखीजवळ अजून एक लाव्हाची गुहा बघायची होती त्याला. मी ऐकलं नाही, दोनला निघालो. केआऊ गावाच्या अलीकडे दोन गाड्या ठोकलेल्या, आणि वाहनांची रांग हलेना. पाऊण तास गेला. पर्यायी रस्ता नाही. मागच्या सीटवर ईशा झोपली होती आणि मी घड्याळाकडे बघत होते. तुम्ही चिपळूण-कराड गाडी घेऊन दरड कोसळलेल्या घाटात सात तास अडकला होतात, ते साल आठवतं मला. आम्ही दारात कंदील घेऊन बसलो होतो. तेव्हा आमची बाजू मला माहीत होती, तुमची बाजू परवा कळली. मागे पन्नास माणसं बसलेली, आणि हातात काही नाही. आम्ही वेळेत पोचलो. दोन तास ठेवले होते म्हणून पोचलो.

कोनाला गाडी घेतली नाही. तिथे बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभी राहते आणि छोट्या होड्यांतून नेतात. होडीची पाळी कधी येईल याचा नेम नाही, लाटा वाढल्या तर सगळंच रद्द. गावात पायी फिरलो, कॉफी प्यालो. छान होती.

काउआई मला सगळ्यांत आवडलं. रस्त्यावर सगळीकडे कोंबड्या. 1992 साली मोठं वादळ झालं, त्यात खुराडी मोडली, तेव्हापासून त्या मोकळ्याच फिरतात असं सगळे सांगतात. इथे पत्ता विचारला तर उत्तर-दक्षिण सांगत नाहीत. 'माउका' म्हणजे डोंगराच्या अंगाला, 'माकाई' म्हणजे समुद्राच्या अंगाला. आपल्याकडच्या वलाटी-खलाटीसारखं. मला लगेच उमगलं.

आई, काउआईवर शिवाचं देऊळ आहे! वाइलुआ नदीकाठी शैव संन्याशांचा मठ आहे, 1970 पासून. तिथलं इराइवन मंदिर पांढऱ्या ग्रॅनाइटचं, दगड बंगळूरजवळ हातछिन्नीने घडवून बोटीने आणले आणि इथे जोडले. 2023 साली प्रतिष्ठापना झाली. दर्शन सकाळी असतं, आधी नाव नोंदवून. बोट दोनला सुटणार होती, म्हणून आज सकाळी आधी तिथेच गेलो. बाहेर रुद्राक्षाची झाडं आहेत, खाली निळी फळं पडलेली. नदीचा आवाज, आणि घंटा. तुझ्या नावाने नमस्कार केला. पोई नावाचा पदार्थही खाल्ला, तो अळकुड्यांचा असतो. इथले लोक अळूला थोरला भाऊ मानतात. चवीला आंबट, तुझ्या फदफद्याची सर नाही.

काल वाइमेआच्या दरीला गेलो. लाल माती, हिरवे कडे, खाली एक बारीक धबधबा, मैलोन्‌मैल. घाटरस्ता चढताना दर थोड्या अंतरावर थांबायला जागा केलेली आहे. मी प्रत्येक जागी थांबले. एकूण अकरा वेळा. गाडीत काही ठेवायचं नाही, पर्यटकांच्या गाड्या इथे फोडतात, म्हणून दर वेळी पिशव्या खांद्याला लावून उतरायचं. अभिजित कंटाळला, पण काही बोलला नाही.

बाबा, तुम्ही एकदा म्हणाला होतात, "कुंभार्लीतून दिवसाला दोनदा गेलो, पण दरी कशी दिसते ते मला विचारू नका. दरी पॅसेंजरने बघायची." मी तेव्हा नववीत असेन. काल प्रत्येक वळणावर गाडी बंद करताना ते मनात होतं. मला कुणी वेळापत्रक दिलं नव्हतं, मागे कुणी बसलेलं नव्हतं. तुम्हाला ते कधीच मिळालं नाही. माझी फी त्या फेऱ्यांतून भरली गेली.

उतरताना एका अरुंद जागी समोरच्या टेम्पोला वाट दिली. त्याने अंगठा आणि करंगळी उघडी ठेवून हात हलवला. इथे आभार असेच मानतात, हॉर्न कुणी वाजवत नाही. समोरून एसटी आली की तुम्ही स्टिअरिंगवरून हात उचलायचात, तसा मीही उचलला.

पुढच्या मार्चमध्ये तुम्ही दोघांनी यायचं. दादाशी बोलले आहे, पासपोर्टचं काम तो या महिन्यात करेल. गुडघ्यांची काळजी करू नका, बोटीत लिफ्ट आहे आणि दरी गाडीतून उतरल्या उतरल्या दिसते. चालवायची मी. पुढच्या सीटवर तुम्ही.

सोबत एक कागद जोडला आहे. तुमच्या लॉगशीटसारखा आखलाय, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, किलोमीटर, शेरा. माउई साधारण 125, हिलो 160, काउआई दोन दिवसांचे मिळून 170. हिलोच्या रकान्यात उशिराचं कारण लिहिलं आहे. बघून सही करून ठेवा.

तुमची,
माधवी