एग बेटावरून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

लंडनची नोकरी सोडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या या बेटावर आम्ही कायमचे राहायला आलो, याची काळजी बाबांच्या पत्रात ओळीओळीत जाणवली. ‘तिथे विजेवरसुद्धा मर्यादा आहे म्हणे’ या वाक्याविषयी आधी लिहिते.

मर्यादा आहे, हे खरे. एका घराला एका वेळी ५ किलोवॉटपर्यंतच वीज वापरता येते. त्यापुढे गेल्यास त्या घराचा पुरवठा बंद पडतो. परंतु बाबा, आपल्याकडच्या भारनियमनासारखे हे नाही, कारण हा नियम येथल्या लोकांनी आपल्यासाठी आपणच ठरवला आहे. खासगी मालकाच्या ताब्यातले हे बेट रहिवाशांनी हायलँड कौन्सिल ही इथली स्थानिक प्रशासनसंस्था आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही वन्यजीव जपणारी संस्था यांच्या साथीने, लोकांच्या देणग्यांच्या बळावर, १२ जून १९९७ रोजी विकत घेतले. पुढे २००८ मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था सुरू केली; तोपर्यंत घरोघरी डिझेलची जनित्रे चालत. आता वीज जास्त निर्माण झाली, तर ती सर्वांच्या सभागृहाला ऊब देण्यासाठी वापरतात. शंभराच्या आसपास वस्तीच्या गावात शेजाऱ्याच्या वाट्याचा असा विचार रोज होताना पाहते, तेव्हा मला मनापासून समाधान वाटते.

ही जागा आम्हांला प्रथमपासूनच प्रिय होती. लेगच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर रम बेटाचे डोंगर दिसतात, आणि जवळच्याच पुळणीवर कोरडी वाळू पायांखाली चक्क किणकिणते. पूर्वी हे सारे सुट्टीपुरते मिळत असे. आता सकाळचे हिशेबाचे काम आटोपले की दुपार वाफ्यांतल्या बटाट्या-कोबीसाठी आणि या किनाऱ्यासाठी मोकळी असते. पगार निम्म्याहून कमी झाला, पण खर्चाच्या वाटाही तितक्याच कमी झाल्या.

अडचणी लपवत नाही. समुद्र खवळला की मुख्य भूमीवरच्या मालेग बंदरातून येणारी बोट रद्द होते, म्हणून कोठीत धान्य भरून ठेवावे लागते. मोठे रुग्णालयही बेटावर नाही. आई, हे ठाऊक असूनच आम्ही आलो आहोत.

तुम्ही दोघे मे-जूनमध्ये या. तेव्हा रात्री दहानंतरही उजेड असतो. ग्लासगोहून मालेगपर्यंत रेल्वे आहे; आम्ही तिथे घ्यायला येऊ. येताना मेथीचे बी तेवढे आणा.

तुमची,
सुमन