तो रोग नव्हता

प्रिय निषाद,

काल रात्री तू झोपल्यावर मी तुझी वही उघडली. न विचारता उघडली, त्याबद्दल आधी माफ कर. शैक्षणिक वनातल्या सहलीचं पान बघायचं होतं. वाणीचं चित्र सुरेख आलंय. एकेका वळ्याला पायांच्या दोन-दोन जोड्या, आणि डोक्याजवळच्या काही वळ्यांना एकेकच, हे तू भिंगातून बरोबर टिपलंस.

त्याखाली लिहिलंयस, "झाडाला रोग झाला होता. मी सात ठिकाणचा खरवडून काढला." ते वाचलं आणि मला झोप लागेना. कारण 'रोग' हा शब्द माझा होता.

माहितीफलकाच्या जरा पुढे ते जाडजूड खोड होतं, सालीवर राखाडी-हिरवे, कडा उचललेले चट्टे. हे काय, असं तू विचारलंस. मला नीट माहीत नव्हतं, तरी मी बोलून गेले, "रोग आहे, झाडाचा रस शोषतो." तू तिथेच रेंगाळलास. मग शेजारच्या खडकावर बोट ठेवलंस. तिथेही तसाच चट्टा. "आई, मग हा दगडातून काय शोषतो?"

"चल, उशीर होतोय," एवढंच मी म्हणाले. उशीर कसलाच होत नव्हता. अशी घाई नको म्हणूनच तर आपण घरी शिकायचं ठरवलं.

आता वाचून नीट सांगते. ते दगडफूल होतं. त्यात बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने राहतात. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. बुरशी त्याला आसरा देते, ओलावा धरून ठेवते. झाडाची साल लागते ती फक्त बसायला. म्हणून तर दगडही चालतो! उत्तर तुझ्या प्रश्नातच होतं, रे.

आणि हे मोठमोठ्यांनाही पटकन पटलं नव्हतं. ही एक वनस्पती नाही, दोन जीव मिळून झालेलं आहे, असं सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये मांडलं, तेव्हा दगडफुलांच्या कित्येक जाणकारांनी ते उडवून लावलं होतं. २०१६ मध्ये तर काही दगडफुलांत यीस्ट हा तिसरा भिडूही सापडला.

तू खरवडण्याआधी एक चट्टा पट्टीने मोजला होतास, ४ सेंटीमीटर. खडकाला घट्ट चिकटून वाढणाऱ्या कित्येक जाती वर्षाला १ मिलिमीटरसुद्धा पसरत नाहीत. सालीवरच्या पानासारख्या जाती जरा भराभर वाढतात, तरी ४ सेंटीमीटर व्हायला बरीच वर्षं गेली असणार. कदाचित तुझ्या वयाइतकी.

तू झाड वाचवायला निघाला होतास. नखांत अडकलेली ती हिरवट भुकटी घरी येईपर्यंत तशीच होती. त्यात तुझा काही दोष नाही, हे मला तुला लिहूनच सांगायचं होतं.

शाळेत एका बाईंचं काही चुकलं, तर पुढच्या इयत्तेत दुसऱ्या बाई भेटतात. आपल्याकडे सगळ्या इयत्तांना मीच. त्यामुळे जे मला माहीत नसेल, तिथे इथून पुढे मी तसं म्हणेन. कधी विसरले, तर सरळ त्या दगडाकडे बोट दाखव.

वहीतलं वाक्य मी खोडलेलं नाही, ते पान तुझं आहे. सोमवारी पुन्हा जाऊ. भिंग आणि पट्टी तू घे. सातपैकी जेवढ्या जागा सापडतील तेवढ्यांचे पट्टी धरून फोटो काढू, खाली तारीख लिहू आणि दर पावसाळ्यानंतर येऊन बघू. खडकावरच्या चट्ट्याला तू हात लावला नव्हतास. तोही मोजू.

तुझी,
आई