मेडल कशासाठी मिळाले, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा 26 जानेवारीला एका शाळेत झेंडावंदनासाठी मला बोलावले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी माझ्या कोटावरच्या रिबन पाहून 'अनेक शौर्यपदकांचे मानकरी' अशी ओळख करून दिली. मला उठून माइक मागून घ्यावा लागला. माझ्याकडे शौर्याचे एकही मेडल नाही. आहेत ती नऊ वर्षांच्या सेवेचे, वीस वर्षांच्या सेवेचे अशी. त्यांचा मला अभिमान आहे, पण त्यांना शौर्यपदके म्हणवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले ओढून घेणे.

सरांना तरी दोष कसा देऊ? वर्तमानपत्रांत येते ती पदक मिळालेल्यांची नुसती यादी आणि आकडा. परम विशिष्ट सेवा मेडल असाधारण सेवेसाठी असते, पण 'परम' शब्दामुळे लोक त्याला परमवीर चक्राच्या पंगतीला बसवतात. सेना मेडल तर शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही इतर प्रसंगांतल्या पराक्रमासाठी. कसाबची रायफल घट्ट धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांना अशोक चक्र मिळाले, ते यामुळे.

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे रस्ते, पूल, सुरुंग अशी कामे करणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलाचा, म्हणून राम राघोबा राणे यांच्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे हे राणे 1940 मध्ये शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले. त्यांना परमवीर चक्र मिळाले हे पुष्कळांना ठाऊक असते. कशासाठी, हे विचारले की बहुतेक जण म्हणतात, शत्रूचे सैनिक मारले असतील. राणेंनी रस्ता मोकळा केला! एप्रिल 1948, काश्मीरची लढाई, जम्मू भागातला नौशेरा ते राजौरी रस्ता. 8 तारखेला सुरुंग काढायला सुरुवात करणार तोच तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी तुकडी सावरली आणि तशाच अवस्थेत काम सुरू केले. पुढे वाटेत पाइनचे मोठमोठे वृक्ष पाडून ठेवलेले, भोवती सुरुंग, वरून मशीनगनचा मारा. 11 तारखेला सकाळी सहाला हात लावला तो रात्री दहापर्यंत. रणगाडे पुढे गेले आणि दुसऱ्या दिवशी राजौरी हाती आली. परमवीर चक्राचे आजवरचे मानकरी 21, त्यांतले 14 मरणोत्तर. जिवंतपणी ते मिळवणारे राणे पहिले.

हे सगळे प्रशस्तिपत्रात असते. चक्रांची प्रशस्तिपत्रे सरकार जाहीर करते, पण मराठी वाचकापर्यंत ती क्वचितच पोचतात. माझी विनंती एवढीच, की येत्या 15 ऑगस्टच्या यादीत प्रत्येक चक्राच्या मानकऱ्याच्या नावाखाली त्याने काय केले ते मराठीत दोन-तीन ओळींत द्यावे. सेना मेडल असेल तर ते शौर्याचे की सेवेचे, एवढा एक शब्द पुरे. जागा कमी पडत असेल तर निदान आपल्या राज्यातल्या मानकऱ्यांपुरते तरी करावे. प्रशस्तिपत्रांतल्या लष्करी शब्दांचा अर्थ लावायला मदत लागली तर मी आणि माझ्यासारखे अनेक निवृत्त जवान आनंदाने करू.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, बॉम्बे सॅपर्स
सातारा