एकेचाळीस मिनिटांची पारख: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून हे पत्र थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. ते जमेल असं वाटत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वरिष्ठ महिला हॉकी शिबिराची यादी लागली. त्यात माझ्या मुलीचं नाव नाही. ती १९ वर्षांची आहे, सेंटर-फॉरवर्ड खेळते. नाव नसण्याचं दुःख आम्ही गिळलं असतं. मी स्वतः विद्यापीठाकडून लेफ्ट-हाफ खेळले आहे, यादीतून गळणं काय असतं ते मला माहीत आहे. पण फोनवर मिळालेलं कारण घशाखाली उतरत नाही. "मुलगी चांगली आहे हो, पण अनुभव कमी पडतो. पुढच्या वर्षी बघू." बस्स, एवढंच.

गेल्या वर्षी याच शिबिराच्या निवड चाचणीनंतर व्यासपीठावरून, माईकवरून, आम्हा पालकांना शब्द देण्यात आला होता की यापुढे प्रत्येक खेळाडूला तिचे गुण लेखी मिळतील. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या. यंदा गुणपत्रक मागायला गेले, तर "असं काही आम्ही देत नाही" म्हणाले. मी तीन अर्ज केले, एकाचीही पोच आली नाही.

माझ्या मुलीच्या जागेवर ज्यांची निवड झाली त्या ३१ वर्षांच्या आहेत, अनेक वर्षं मोठ्या स्पर्धा खेळलेल्या आहेत. माझी मुलगी त्यांना ताई म्हणते. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही, कारण माझं भांडण त्यांच्याशी नाही. उलट त्यांचा एक गोल मी अजून विसरलेले नाही. उजवीकडून चेंडू येत होता, बचावपटू पाठीला चिकटलेली होती. ताई डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, जागच्या जागी थांबल्या. कुठलीही तरुण पोर तिथे पुढे धावली असती. त्या थांबल्या, बचावपटूला पाठीवर घेतलं आणि चेंडू पोचताच एका टचमध्ये कीपरच्या डाव्या पायाशेजारून ढकलला. हे माझ्या मुलीला आज येत नाही. मी आई असले तरी मला दिसतं.

पण मला बाकीचंही दिसतं, कारण यंदाच्या चाचणीचे तिन्ही दिवस मी कुंपणाबाहेर वही आणि घड्याळ घेऊन उभी होते. मोजताना एखादी नोंद चुकली असेल. चुकली असेल तर तुमच्या समितीने स्वतःची वही उघडून माझी चूक दाखवावी. मला ती हवीच आहे.

तीन सामने, प्रत्येकी ६० मिनिटांचे, म्हणजे १८० मिनिटं. त्यांतली ताई खेळल्या ११८ मिनिटं आणि माझी मुलगी ४१. पहिल्या दिवशी तिला ११ मिनिटं मिळाली, तीही लेफ्ट-विंगला, जिथे ती कधी खेळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी शेवटचा क्वार्टर, म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटं, मिळाला. तोवर सामना निकालात निघालेला होता आणि निवड समितीतले दोघे चहाला गेलेले होते. ताईंचे गोल तीन, हिचा एक. कागदावर तीनास एक, विषय संपला. पण दर गोलामागची मिनिटं काढा. ताईंची ३९ येतात, हिची ४१. शिवाय ताईंचे दोन गोल पेनल्टी कॉर्नरवरचे आहेत, एक डिफ्लेक्शन, म्हणजे दुसरीचा फटका स्टिक लावून वळवलेला, आणि एक कीपरच्या पॅडवरून परत आलेला चेंडू. कॉर्नरच्या वेळी माझ्या मुलीला डीपासून लांब, प्रतिहल्ला अडवायला मागे उभं केलं जायचं. ज्या जागेवरून गोल होतात तिथे तिला एकदाही उभं केलं नाही आणि मग गोल मोजले.

आणि ४१ मिनिटांत एक गोल म्हणजे माझी मुलगी ताईंच्या तोडीची, असंही मी म्हणणार नाही. एवढ्याशा वेळात एक चेंडू पोस्टला लागून आत जातो की बाहेर, यावर सगळा हिशेब फिरतो. म्हणून तर तरुण फॉरवर्डला गोलांच्या आकड्यावर जोखायचं नसतं. हॉकीत गोल डीच्या आतूनच होतो. मग ती डीपर्यंत किती वेळा पोचली? चेंडू घेऊन पोचली, की चेंडू नसताना धावून दुसरीसाठी वाट मोकळी करून दिली? बचावपटूच्या पायावर चेंडू मारून किती कॉर्नर मिळवले? चेंडू गेल्यावर पुढच्या चार पावलांत ती काय करते? कमरेवर हात ठेवून उभी राहते, की उलट फिरून प्रेस करते, म्हणजे चेंडू परत मिळवायला समोरचीवर दबाव टाकते? चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहते का? यातलं काहीही गुणफलकावर येत नाही. हे बघायला माणसाचे डोळे लागतात, म्हणून तर निवड समिती नेमतात!

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती शिकते किती वेगाने? पहिल्या दिवशी गोलकडे पाठ करून तिने सहा चेंडू घेतले आणि चार गमावले. त्या रात्री आम्ही खोलीत भिंतीशी चेंडू मारत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ती अर्धं अंग वळवून चेंडू घेत होती. नऊपैकी सात चेंडू तिने राखले. दोन दिवसांत हा फरक पडला. अंगातली कुवत यापेक्षा वेगळी कशी दिसते, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

समितीला ते दिसलं नाही, पण ताईंना दिसलं. शेवटच्या सामन्यानंतर त्या आपण होऊन मुलीकडे आल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तू चेंडूकडे बघत होतीस, आज जागेकडे बघत होतीस. हे सोडू नकोस." जिच्या जागेसाठी माझी मुलगी झगडत होती तिने दोन वाक्यांत जी पारख केली ती पाच जणांच्या समितीला तीन दिवसांत करता आली नाही. किंवा केली असेल, तर ती लिहून द्यायला तुमच्या माणसांचे हात का थरथरतात?

महोदय, अन्याय नेमका इथे आहे. तरुण मुलीला आजच्या गोलांवर मोजतात आणि ज्येष्ठ खेळाडूला कालच्या नावावर. दोघींपैकी एकीलाही ज्या स्पर्धेसाठी संघ बांधायचा त्या स्पर्धेच्या दिवशी ती कशी असेल, या प्रश्नावर कुणी तपासत नाही. दीड वर्षानंतर ताई कुठे असतील? कदाचित तेव्हाही त्याच सर्वोत्तम असतील! वंदना कटारियाने ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली तेव्हा ती २९ वर्षांची होती. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. वय झालं म्हणून कुणाला काढा, असं माझ्या तोंडून कधीच निघणार नाही.

पण राणी रामपालही आठवा. २०१० च्या विश्वचषकात ती १५ वर्षांची होती. तिने सात गोल केले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरली. तिला कोणता अनुभव होता? कुणीतरी त्या पोरीकडे नीट पाहिलं आणि तिच्यावर सही करायची हिंमत केली. टोकियोचं पुरुषांचं पदक घ्या. सिमरनजीत सिंग मूळ १६ जणांत नव्हता, राखीव होता. कोरोनामुळे नियम सैल झाले म्हणून त्याला मैदानात उतरता आलं. जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाचा सामना आपण ५-४ असा जिंकला आणि त्यांतले दोन गोल त्याचे होते. ४१ वर्षांनी आलेलं पदक! नियम बदलला नसता तर तो बाकावरही नसता.

आणि ज्येष्ठांना तरी ही व्यवस्था न्याय देते का? १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी सुवर्ण आलं. त्यानंतर लगेच विश्रांतीचं कारण पुढे करून धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना बाहेर बसवलं. आमच्या पिढीने तो दिवस पाहिला आहे. मी तेव्हा कॉलेजात होते, आम्ही मुली त्या बातमीवर रडलो होतो. कागद नसला की हे असं होतं. तरुणाला "अनुभव नाही" म्हणून हाकलता येतं, ज्येष्ठाला "विश्रांती" म्हणून हाकलता येतं, आणि दोघांनाही उत्तर द्यावं लागत नाही.

"पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य मी मुलीच्या आधी ऐकलं आहे. तीन वर्षं, तीन वेळा. पहिल्या वेळी खरं वाटलं. दुसऱ्या वेळी मी धावायचं अंतर दुप्पट केलं. आम्ही मुरमाच्या मैदानावर खेळायचो, तिथे चेंडू कुठे उसळेल ते देवालाही ठाऊक नसायचं. त्याच मुरमावर माझा गुडघा गेला. तिसऱ्या वर्षी मी लंगडत चाचणीला गेले आणि तेव्हाही तेच वाक्य ऐकून परत आले. नंतर लग्न झालं, खेळाडूंच्या जागांवरची नोकरी हुकली ती हुकलीच, आणि आज जिने चढताना तो गुडघा मला रोज त्या तीन वर्षांची आठवण करून देतो. माझ्यात कुवत होती की नव्हती, हे मला आजतागायत माहीत नाही. नव्हती असं कुणी लिहून दिलं असतं, तर मी त्याच दिवशी स्टिक माळ्यावर टाकली असती आणि सुखाने झोपले असते. महोदय, नकारापेक्षा ही टांगती अवस्था माणसाला जास्त खाते. ती आता माझ्या मुलीच्या वाट्याला आली आहे. काल रात्री ती जेवली नाही. मला म्हणाली, "आई, नक्की काय सुधारू ते तरी सांगायला हवं होतं."

काय उत्तर देऊ तिला?

अनुभव म्हणता, तर अनुभव कुठे मिळतो? ऑलिंपिकची हॉकी १९७६ ला माँट्रियलमध्ये कृत्रिम मैदानावर गेली आणि त्याच वर्षी आपण सातवे आलो. तेव्हापासून जग टर्फवर खेळतं. माझ्या मुलीच्या पायाला टर्फ पहिल्यांदा लागलं ते चौदाव्या वर्षी, तेही आठवड्यातून दोनदा, पहाटे साडेचारला उठून, दोन बस बदलून. टर्फवर चेंडू मुरमापेक्षा कितीतरी वेगाने येतो, पहिला टचच वेगळा लागतो. मैदान द्यायचं कुणी? सामने द्यायचे कुणी? तुम्हीच! आणि ते दिले नाहीत म्हणून अनुभव कमी, असा शेरा मारणारेही तुमचेच.

मंत्र्यांना निवडीत हस्तक्षेप करता येत नाही, संघटना स्वायत्त आहेत, हे उत्तर मला पाठ आहे. मी हस्तक्षेप मागतच नाही. माझ्या मुलीला शिबिरात घ्या, असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. पण अनुदान देताना तुमच्या खात्याला स्वायत्तता आड येत नाही, उद्घाटनाला, सत्काराला, विजेत्या संघासोबतच्या छायाचित्राला आड येत नाही. ती फक्त जाब विचारायची वेळ आली की आड येते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. नऊ-दहा वर्षं घाम गाळलेल्या खेळाडूला मात्र आपले गुण मागता येत नाहीत. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. ते वाचून मला आनंद झाला होता. पण न्यायाधिकरणापुढे माझ्या मुलीने जाताना हातात काय न्यायचं? फोनवरचं एक वाक्य?

तेव्हा अनुदानाच्या आदेशात एवढं घाला. चाचणीत एका जागेसाठी झगडणाऱ्या सगळ्यांना सारखी मिनिटं, आपापल्या जागेवर, आणि त्या मिनिटांची नोंद. प्रत्येकीला लेखी शेरा, ज्येष्ठ असो की नवखी, निवडलेली असो की गळलेली. ताईंनाही तो मिळायला हवा. उद्या त्यांना काढतील तेव्हा त्यांच्याही हातात कागद असू दे. आणि हे सगळं संघ रवाना होण्याआधी, म्हणजे दाद मागायला वेळ उरेल. याला पैसे लागत नाहीत. एक घड्याळ, एक वही आणि सही करायची तयारी लागते.

जानेवारी २०२४ मध्ये रांचीत आपला महिला संघ जपानकडून ०-१ हरला आणि पॅरिस ऑलिंपिकला मुकला. एका गोलाने! त्या रात्री माझ्या मुलीने टीव्ही बंद केला आणि न बोलता स्टिकला नवी ग्रिप गुंडाळायला बसली. तेव्हा ती अजून शाळा-कॉलेजच्या स्पर्धाच खेळत होती. मी तिला हसले नाही.

आज पहाटेही ती मैदानावर गेली आहे. माझ्या वहीतल्या तिन्ही सामन्यांच्या नोंदींची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. समितीच्या नोंदी असतील तर त्यांची प्रत मला मिळावी. नसतील, तर नोंदी ठेवल्याच नव्हत्या एवढं तरी कुणीतरी सही करून कळवावं.

आपली,
एका सेंटर-फॉरवर्डची आई