नाव्हाशेव्याच्या पुढचा खर्च आधी विचारा

महोदय,

निवृत्तीनंतर मुलांकडे कायमचे परदेशी जाणाऱ्यांची सोलापुरातली पहिली चौकशी बहुधा 'किलोला किती?' अशीच असते. जहाजाने जाणाऱ्या घरसामानाचा दर मात्र घनमीटरवर ठरतो. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल लोखंडी कपाट ०.८३ घनमीटर जागा खातं. तेवढ्यात १८ × १८ × २४ इंचांची सहा खोकी बसतात. कपाट इथंच कुणाला तरी देऊन टाकावं.

इथले पॅकर्स स्वस्त दर सांगतात, तो बऱ्याचदा नाव्हाशेवा बंदराच्या गोदामापर्यंतचाच असतो. जहाजभाडं, परक्या बंदरावरची हाताळणी, तिथलं कस्टम क्लिअरिंग आणि घरपोच वाहतूक हे सगळं वेगळं. हे कळेपर्यंत सामान त्यांच्या ताब्यात गेलेलं असतं, घासाघीस कसली करणार? म्हणून दर 'दारापासून दारापर्यंत' असाच मागावा, त्यात काय धरलं नाही तेही लेखी घ्यावं.

पुण्याला घर हलवताना चालणारं पॅकिंग जहाजाला पुरत नाही. ट्रकचा चारशेएक किलोमीटरचा प्रवास, गोदामातली चढउतार, मग इतरांच्या मालाबरोबर कंटेनरात रचणं, यात तळाची खोकी दबतात. पाच किंवा सात पदरी खोकी घ्यावीत. पुस्तकं लहान खोक्यात, एकात वीस किलोच्या आत. भांड्यांभोवती पेंढा भरू नये. कीड येते म्हणून तो अडवला जातो. लाकडी पेटी करायचीच तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं हवं. सुताराकडच्या साध्या फळ्या चालत नाहीत. स्वतः भरलेल्या खोक्यातली मोडतोड विमा कंपन्या सहसा भरून देत नाहीत, तेव्हा काचसामान तरी पॅकर्सकडूनच भरून घ्यावं.

सगळ्यात जास्त अडतं ते यादीपाशी. 'स्वयंपाकाचं सामान, १ खोकं' असं लिहिलं की कस्टमवाले खोकं उघडणार, आणि त्याचा खर्चही बहुधा मालकाच्याच माथी. खोक्याचा क्रमांक, वस्तू, नग, जुनी की नवी, अंदाजे किंमत अशी इंग्रजीत यादी करावी. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच. कॅनडात कायम राहायला जाणाऱ्यांनी पहिल्यांदा उतरतानाच दोन याद्या द्यायच्या असतात: सोबत आणलेल्या वस्तूंची आणि मागून येणाऱ्यांची. दुसरी राहिली तर मागून आलेल्या सामानाला करमाफी मिळताना अडचण येते. ब्रिटनमध्ये करमाफीसाठीचा अर्ज सामान पोचण्याआधी करावा लागतो. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी केरसुणी, सूप, टोपली यांचा मोह सोडावा. चपला-बुटांच्या तळव्याची मातीसुद्धा ब्रशने घासून काढावी.

देवघराकडेही एकदा नीट बघावं. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. मूर्ती नुसती जुनी दिसत असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधीच काढावा. मोरपिसांच्या निर्यातीला तर बंदीच आहे.

राहता राहिली घरघंटी. ज्वारीची भाकरी सुटत नाही, म्हणून अमेरिका-कॅनडाला जाणारेही ती न्यायचा हट्ट धरतात. तिथं वीज १२० व्होल्टची, ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतं, हर्ट्झ बदलत नाही. घरघंटीतल्या, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या इंडक्शन मोटरचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, पीठ तापतं, मोटरवर ताण येतो. मिक्सरची मोटर वेगळ्या जातीची, तो ट्रान्सफॉर्मरवर चालतो. पण ७५० वॉटच्या मिक्सरला निदान १५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो मिक्सरपेक्षा जड असतो.

– एक वाचक, जुळे सोलापूर